विश्लेषण : तीन दशके कानठळ्या, मग एकच लाकडी गिटार… मेटलचे ‘वायनो’ अकूस्टिककडे का वळले?

मागे ॲम्प्लिफायरची भिंत, बाजूला ड्रम्सचा गडगडाट आणि पायाखालचा मंच हादरवणारा बास. स्कॉट ‘वायनो’ वाइनरिक यांनी आयुष्याची तीस वर्षे अशाच आवाजात काढली. मात्र २०१० मध्ये आलेल्या ‘अड्रिफ्ट’ या अल्बमवर ऐकणाऱ्यांना भलतेच काही मिळाले. ड्रम्स नाहीत, बास नाही. एक लाकडी गिटार आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा एक जाडाभरडा आवाज. मोजक्या ठिकाणी इलेक्ट्रिक गिटारचा हलका हात, इतकेच. मेटलच्या जगात हे नवे नव्हते, पण ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांनी ते केले म्हणून त्याची चर्चा झाली. आयुष्यभर कर्कश संगीत वाजवलेला माणूस अचानक हळू आवाजात का गाऊ लागतो? हा थकवा असतो, हिशेब असतो की आणखी काही? आणि तांत्रिकदृष्ट्या यात नेमके काय बदलते? जाणून घेऊ या.

वायनो आहेत तरी कोण?

जन्म १९६०चा. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराला लागून असलेले मेरीलँड राज्य हे त्यांचे घर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तिथे ‘द ऑब्सेस्ड’ हा बँड उभा केला. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये हार्डकोअर पंकची लाट होती. गाणे दीड मिनिटात संपायचे आणि सगळा भर वेगावर असायचा. त्या गर्दीत हा बँड मात्र संथ, जड आणि काळोखी संगीत वाजवत होता.

१९८६ मध्ये वायनो कॅलिफोर्नियातील ‘सेंट व्हायटस’ या बँडमध्ये गायक म्हणून गेले. गिटार तिथे डेव्ह चँडलर यांच्या हाती होती. त्याच वर्षीचा ‘बॉर्न टू लेट’ हा अल्बम आज डूम मेटल या प्रकाराचा पायाचा दगड मानला जातो. नावाचा अर्थच ‘उशिरा जन्मलेला’. म्हणजे आपण चुकीच्या काळात आलो, ही भावना त्यांच्या संगीतात पहिल्यापासून आहे.

नव्वदच्या सुरुवातीला ते पुन्हा ‘द ऑब्सेस्ड’कडे वळले. १९९१चा ‘लुनर वूम्ब’ आणि १९९४चा ‘द चर्च विदिन’ हे त्या काळातले अल्बम. दुसरा तर कोलंबिया या बड्या कंपनीने काढला. ‘निर्वाणा’च्या यशानंतर मोठ्या कंपन्या असे बँड शोधत होत्या, त्याचा हा परिणाम. पण व्यावसायिक यश आले नाही आणि बँड फुटला. त्यानंतर ‘स्पिरिट कॅरव्हान’, मग ‘द हिडन हँड’. ‘फू फायटर्स’च्या डेव्ह ग्रोल यांनी २००४ मध्ये आलेल्या ‘प्रोबॉट’ या प्रकल्पासाठी आपल्या आवडत्या मेटल गायकांना बोलावले, तेव्हा ‘मोटरहेड’च्या लेमी यांच्यासोबत वायनो यांचेही नाव यादीत होते. थोडक्यात, तिकीटबारीवर मोठे नाही, पण इतर संगीतकार ज्यांना मानतात असे हे नाव.

‘वायनो’ हे टोपणनाव आहे. इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ दारूडा. या नावामागचे आयुष्यही पुढे येणारच आहे.

‘डूम मेटल’ म्हणजे काय?

या प्रकाराची मुळे शोधायला इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला जावे लागते. तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा गिटारवादक होता. म्हणजे तारा दाबायचा हातच जखमी झाला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे बनवली, त्यावर चामडे लावले, बारीक तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करून गिटार खालच्या सुरात लावली. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ अल्बममध्ये ‘ब्लॅक सॅबाथ’ची गिटार काही गाण्यांत नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. सर्वांत जाड तार एरवी ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, ती तिथे ६९ हर्ट्झवर आली. दुखऱ्या बोटांची सोय म्हणून केलेला उपाय एका संगीतप्रकाराचा रंग ठरला.

डूम मेटलने तोच रंग आणखी गडद केला. गती कमी, सूर खाली, गाणी लांब. ‘सेंट व्हायटस’ हे नावदेखील सॅबाथच्या एका गाण्यावरून घेतलेले.

इथे एक गोष्ट विसरली जाते. त्याच ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त ‘ऑर्किड’ ही फक्त अकूस्टिक गिटारची छोटी रचना आहे. म्हणजे लाकडी गिटार मेटलमध्ये बाहेरून आलेली नाही. ती या घरात पहिल्यापासून होती, फक्त आतल्या खोलीत.

२००९-१० मध्ये काय घडले?

२००९च्या सुरुवातीला वायनो यांनी स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढला, ‘पंक्च्युएटेड इक्विलिब्रियम’. तो पूर्ण इलेक्ट्रिक होता. ड्रम्सवर ‘क्लच’ बँडचे जाँ-पॉल गॅस्टर, बासवर जॉन ब्लँक. त्याच वर्षी ब्लँक यांचे निधन झाले. तिघांच्या बँडमधला एक माणूस गेला की बँडचा एक तृतीयांश भागच जातो. हार्मोनियमचा एक सूर बंद पडावा तसे ते नसते. जो आवाज तिघांनी मिळून तयार केलेला असतो, तो आवाजच संपतो.

पुढच्या वर्षी ‘एक्झाइल ऑन मेनस्ट्रीम’ या जर्मन कंपनीने ‘अड्रिफ्ट’ प्रसिद्ध केला. शब्दाचा अर्थ वाहत चाललेला, किनारा सुटलेला. एका घटनेमुळे दुसरी घडली असे थेट म्हणता येणार नाही. त्याच सुमारास ते ‘श्राइनबिल्डर’ हा चौघांचा गट आणि पुन्हा जुळलेला ‘सेंट व्हायटस’ या दोन्हीकडे वाजवतच होते. पण क्रम बोलका आहे. सोबतीला माणसे लागणारे संगीत अडले की जे एकट्याने करता येते ते पुढे येते.

या अल्बममध्ये ‘मोटरहेड’चेही एक गाणे आहे. मूळ गाणे इलेक्ट्रिक बँडचे. इथे ते एका गिटारवर उतरते आणि रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या ब्लूज गायकाचे वाटते. मेटलचा सांगाडा बऱ्याचदा ब्लूजचाच असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. कपडे काढले की हाडे दिसतात.

तांत्रिकदृष्ट्या नेमका फरक कोणता?

हा भाग थोडा अभियांत्रिकीचा आहे, पण सोपा आहे.

इलेक्ट्रिक गिटारची तार हलते तेव्हा खाली बसवलेल्या चुंबक आणि वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. ॲम्प्लिफायर तो वाढवतो. तो प्रमाणाबाहेर वाढवला की लहरीचे शेंडे कापले जातात. यालाच ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. एरवी स्टिरिओ फाटला की आपण दुरुस्तीला नेतो. मेटलमध्ये हे फाटणेच हवे असते.

शेंडे कापल्याने तीन गोष्टी होतात.

एक, मूळ सुरावर नवे वरचे सूर चढतात. आवाज भरगच्च होतो.

दोन, हळू आणि जोरात मारलेला आघात जवळपास सारखाच ऐकू येतो. कारण जोराचा शेंडा तर कापलेलाच असतो. सूर लांबतोही. अकूस्टिक गिटारवर जो सूर काही सेकंदांत विरतो, तो इथे कितीतरी वेळ टिकतो.

तीन, दोन सूर एकत्र वाजवले की त्यांच्या कंपनसंख्येतील फरकाचा तिसरा सूर आपोआप निर्माण होतो. मेटलमधला लाडका ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम, आपल्या भाषेत सा आणि प. समजा सा ११० हर्ट्झचा आणि प १६५ हर्ट्झचा. फरक ५५. म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा! कुणी न वाजवलेला खर्ज ऐकू येतो. ‘जड’ वाटण्याचे एक रहस्य हेच.

आता त्यात गंधार मिसळला तर? तो साधारण १३८.६ हर्ट्झचा. मग सा-ग यांचा फरक २८च्या पुढे आणि ग-प यांचा २६. हे दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत आणि आवाज चिखल होतो. म्हणूनच मेटल गिटारवादक बऱ्याचदा गंधार टाळतात.

लाकडी गिटारवर असे काही घडत नाही. तार लाकडाचा पातळ पडदा हलवते, तो हवा हलवतो, संपले. इथे गंधार मोकळेपणाने वाजवता येतो. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांतला फरक, म्हणजे उदास आणि प्रसन्न यांतला फरक, स्पष्ट ऐकू येतो. तीस वर्षे सा-प वर जगलेल्या वादकासाठी ही नवी खोली उघडण्यासारखी गोष्ट आहे.

मग हे सोपे की अवघड?

वरून पाहता सोपे. प्रत्यक्षात उलट. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात पन्नास ढोलांत एखाद्याचा ठोका किंचित मागेपुढे झाला तर रस्त्यावर उभ्या माणसाला कळत नाही. देवळाच्या ओसरीवर एकटा माणूस एकतारी घेऊन बसला आणि त्याचा ठोका चुकला तर शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळते.

डिस्टॉर्शन गेल्यावर वादकाची झाकणे जातात. आघात हळू-जोरात केला तर तो तसाच ऐकू येतो. बोट तारेवरून सरकताना होणारी करकर ऐकू येते. सूर विरतो, त्यामुळे दोन सुरांमधली शांतता ऐकू येते. ती भरायची की तशीच ठेवायची, हा निर्णय दर वेळी घ्यावा लागतो.

गळ्याचेही तसेच. बँडमध्ये गायकाला ड्रम्स आणि ॲम्प्लिफायरच्या वर यावे लागते. म्हणून ओरडणे, ताणणे, वरच्या पट्टीत जाणे हे गरजेतून येते. सोबत फक्त गिटार असेल तर गायक बोलल्यासारखा गाऊ शकतो. वायनो यांचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा, घासलेला. ‘सेंट व्हायटस’मध्ये तो गिटारच्या धुक्यातून यायचा. ‘अड्रिफ्ट’मध्ये तो समोरच्या खुर्चीवरून येतो. शब्द लपत नाहीत. ते चांगले नसतील तर तेही लपत नाही.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी एक प्रयोग. ‘बॉर्न टू लेट’ हेडफोनशिवाय, फोनच्या स्पीकरवर लावा. मग ‘अड्रिफ्ट’ लावा. फोनचा इवलासा स्पीकर खालच्या कंपनसंख्या जवळपास टाकूनच देतो. त्यामुळे पहिल्यातला जडपणा गायब होतो आणि भुंगा डब्यात अडकल्यासारखे वाटते. दुसऱ्यातले गाणे मात्र बरेचसे शाबूत पोहोचते. कारण त्याचा भार खर्जावर नसून शब्द आणि चालीवर आहे. हॉस्टेलच्या खोलीत मेटल ऐकून वाढलेल्या प्रस्तुत वार्ताहराला हा फरक रात्रपाळीत, हेडफोन घरी विसरल्यावर कळला.

ही वाट आधी कुणी दाखवली?

सर्वांत गमतीचा दुवा म्हणजे निर्माते रिक रुबिन. १९८६ मध्ये ‘स्लेयर’चा ‘रेन इन ब्लड’ हा थ्रॅश मेटलमधला अत्यंत आक्रमक अल्बम त्यांनी घडवला. आठ वर्षांनी त्याच माणसाने, मोठ्या कंपन्यांनी अडगळीत टाकलेल्या कंट्री गायक जॉनी कॅश यांना हाती फक्त गिटार देऊन ध्वनिमुद्रकासमोर बसवले. १९९४चा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा तो अल्बम. त्यातले ‘थर्टीन’ हे गाणे ग्लेन डँझिग या मेटल गायकाने लिहिलेले आहे. या अल्बमने कॅश यांची कारकीर्द नव्याने उभी राहिली आणि एक साचाही तयार झाला : वय झालेला आवाज, एक गिटार, सजावट शून्य.

मेटलच्या आतूनही प्रयत्न झाले. ऑझी ऑस्बॉर्न यांचे गिटारवादक झॅक वाइल्ड यांनी १९९६ मध्ये ‘बुक ऑफ शॅडोज’ हा बहुतांश अकूस्टिक अल्बम केला. स्वीडनच्या ‘ओपेथ’ बँडने २००३च्या ‘डॅमनेशन’मध्ये ओरडणे आणि डिस्टॉर्शन दोन्ही बाजूला ठेवले. कॅलिफोर्नियातील ‘न्यूरोसिस’ या अतिशय जड बँडचे स्टीव्ह व्हॉन टिल यांनी २००० पासूनच एकट्याने शांत अल्बम काढायला सुरुवात केली. व्हॉन टिल आयडाहो राज्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. संगीतावर पोट नाही, म्हणून संगीतात हवे ते करता येते, अशी ती रचना.

या सगळ्यांना जोडणारे नाव म्हणजे टाउन्स व्हॅन झँट. टेक्सासचे गीतकार-गायक, जन्म १९४४, निधन १ जानेवारी १९९७. हयातीत प्रसिद्धी बेताची. त्यांचे ‘पांचो अँड लेफ्टी’ हे गाणे १९८३ मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड यांनी गायले तेव्हा ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. व्यसन, नैराश्य, रस्ता आणि एकटेपणा हे त्यांचे विषय. २०१२ मध्ये व्हॉन टिल, ‘न्यूरोसिस’चेच स्कॉट केली आणि वायनो या तिघांनी व्हॅन झँट यांच्या गाण्यांचा अल्बम काढला. डूम मेटलच्या श्रोत्यांना टेक्सासच्या या गायकाकडे नेणारा तो पूल ठरला. विचार केला तर अंतर फार नाही. काळोख तोच, फक्त आवाज कमी.

यात पैशाचा आणि प्रकृतीचा भाग किती?

बराच. आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

चौघांचा बँड दौऱ्यावर निघतो तेव्हा गाडी, चालक, ड्रम्स, जड ॲम्प्लिफायर, ध्वनितंत्रज्ञ, चौघांची राहण्याची सोय आणि चौघांच्या रजा जुळाव्या लागतात. मिळालेले मानधन चार ठिकाणी वाटले जाते. एकटा कलाकार गिटारची पेटी घेऊन रेल्वेत बसू शकतो. जिथे मेटलचा कार्यक्रम होऊच शकत नाही अशा छोट्या बारमध्ये, पुस्तकांच्या दुकानात, कुणाच्या दिवाणखान्यातही वाजवू शकतो. वायनो यांनी कॉनी ऑक्स या जर्मन गायकासोबत ‘हेवी किंग्डम’ (२०१२) आणि ‘फ्रीडम कॉन्स्पिरसी’ (२०१५) हे दोन अल्बम केले. दोन माणसे, दोन गिटारी.

दुसरा मुद्दा कानांचा. अमेरिकेतील ‘निऑश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास इतपतच सुरक्षित मानते. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. मेटलच्या मैफलीत ही पातळी सहज गाठली जाते. ज्याने हे तीस-चाळीस वर्षे केले त्याच्या कानांनी किती सोसले असेल, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. गणपतीत स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहिलेल्यांना तो लगेच कळेल.

तिसरा मुद्दा वयाचा. चाळीस किलोचा स्पीकर जिना चढवणे पंचविशीत मजेचे वाटते. साठीत नाही.

एकट्याने वाजवले की सगळे प्रश्न सुटतात?

नाही. आणि या गोष्टीतला हा भाग वगळला तर ती अर्धवट राहील.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘सेंट व्हायटस’ युरोपच्या दौऱ्यावर असताना वायनो यांना नॉर्वेत अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाली आणि त्यांना मायदेशी परत पाठवण्यात आले. बँडमधल्या बाकीच्या तिघांचा दौरा त्यांच्याविना राहिला. म्हणजे ‘अड्रिफ्ट’नंतर चार वर्षांनी, तितकी उघडी गाणी गाऊन झाल्यावरही जुने दुखणे सुटलेले नव्हते. गाण्यात दुःख मांडले की ते आयुष्यातून जाते, ही समजूत फक्त श्रोत्यांच्या सोयीची आहे.

स्कॉट केली यांचे उदाहरण याहून कठोर आहे. व्हॅन झँट अल्बममधले ते तिघांपैकी एक. एकट्याने, लाकडी गिटारवर, हळू आवाजात गाणारे. श्रोते त्यांच्या गाण्यांना ‘प्रामाणिक’ म्हणत. ऑगस्ट २०२२ मध्ये केली यांनी स्वतःच जाहीर कबुली दिली, की आपण पत्नी आणि मुलांचा अनेक वर्षे मानसिक, आर्थिक, शाब्दिक आणि शारीरिक छळ केला. त्यासोबत त्यांनी संगीतातून निवृत्ती घेतली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. ॲम्प्लिफायर बंद केला की आवाज उघडा पडतो, माणूस उघडा पडतोच असे नाही. हळू गाणारा खरा आणि ओरडणारा खोटा, हे समीकरण चुकीचे आहे. लाकडी गिटार ही एक पद्धत आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे.

मग वायनो यांनी मेटल सोडले का?

अजिबात नाही. ‘द ऑब्सेस्ड’ पुन्हा उभा राहिला. २०१७ मध्ये ‘सेक्रेड’ आणि २०२४ मध्ये ‘गिल्डेड सॉरो’ हे अल्बम आले. दोन्ही भरपूर जड. मधल्या काळात, जून २०२० मध्ये त्यांचा दुसरा एकट्याचा अकूस्टिक अल्बम ‘फॉरएव्हर गॉन’ प्रसिद्ध झाला. तेव्हा करोनामुळे जगभरातल्या मैफली बंद होत्या. बँड एकत्र येऊ शकत नव्हते. एकटा माणूस आणि एक गिटार ही तेव्हा शैली नव्हती, बहुतेकांची सक्ती होती. त्यात ‘जॉय डिव्हिजन’ या ब्रिटिश बँडचे ‘आयसोलेशन’ हे गाणेही आहे. नावाचा अर्थ विलगीकरण. त्या उन्हाळ्यात हा शब्द मराठी घराघरांतही पोहोचला होता.

म्हणजे ‘वळले’ हा शब्दच थोडा फसवा आहे. एक रस्ता सोडून दुसरा धरला असे झालेले नाही. दोन्ही रस्ते चालू राहिले. इलेक्ट्रिक गिटारला माणसे लागतात, जागा लागते, परवानगी लागते. लाकडी गिटारला यातले काही लागत नाही. ज्या दिवशी बाकीचे कुणी नसते त्या दिवशीही ती वाजते.

आपल्याकडच्या श्रोत्यासाठी यात काय?

मुंबई-पुण्यात मेटल ऐकणारी, वाजवणारी मंडळी कमी असली तरी जुनी आहेत. ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या मुंबईच्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने आणि दोन हजारच्या सुमारास मुंबईतच उभ्या राहिलेल्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’सारख्या बँडने एक पिढी घडवली. त्या पिढीतले बरेच जण आता चाळिशीत आहेत. नोकरी आहे, हप्ते आहेत, ड्रमर परदेशी गेला आहे, सरावाच्या खोलीचे भाडे परवडत नाही आणि सोसायटीत ॲम्प्लिफायर लावला तर खालून फोन येतो. गिटार कपाटावर धूळ खाते आहे. अशांना ‘अड्रिफ्ट’ म्हणजे कुणी तरी दिलेला निरोप वाटू शकतो. बँड जुळत नाही म्हणून संगीत थांबायला हवे असे नाही.

सुरुवात कुठून करावी? चार टप्पे पुरेत. आधी ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’, म्हणजे मूळ कळेल. मग ‘बॉर्न टू लेट’, म्हणजे वायनो कुठून आले ते कळेल. त्यानंतर कॅश यांचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’. आणि शेवटी ‘अड्रिफ्ट’. या क्रमाने ऐकले तर शेवटचा अल्बम माघार वाटत नाही. तीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या माणसाने दिवे मालवून, हाताने चाचपत तेच घर पुन्हा फिरून पाहिल्यासारखा वाटतो.

पहिले तीन अल्बम हेडफोन लावून ऐका. चौथ्याला फोनचा स्पीकरही चालेल. आवाज फार वाढवू नका.